जत्रा बंद ठेवली ते बरोबर, सुपारी बुडवली ते चूक

कोरोनाला पाच वर्षं झाली म्हणून मध्यंतरी आमच्या तालुक्याच्या गावी एक परिसंवाद झाला. विषय होता महामारी आणि लोककला. पहिल्या वक्त्यांचं म्हणणं असं, की माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत असताना गाणंबजावणं आठवणं हाच कोडगेपणा. कला ही पोट भरल्यावर करायची गोष्ट. दुसऱ्यांनी आवाज चढवून सांगितलं, की कला कधी मरत नसते, ती त्या काळात मोबाइलवर गेली, घराघरांत पोचली, उलट श्रोते वाढले. दोघांनाही टाळ्या पडल्या आणि गंमत म्हणजे त्याच त्या हातांनी पडल्या. सुरुवातीला देवीची पदं म्हणायला बोलावलेले दोन गोंधळी मागच्या खुर्च्यांवर संबळ पायाशी ठेवून चहा पीत बसले होते. त्या दोन वर्षांत तुमच्या चुलीचं काय झालं, हे दोन तासांत त्यांना कुणी विचारलं नाही. निघताना शाल आणि नारळ मिळाला. थोरल्यानं शाल झटकून नीट घडी घातली आणि मला म्हणाला, "गुरुजी, ही सातवी. इकायला नेली तर दुकानदार घेत न्हाई."

माझं मत आधीच सांगून टाकतो. जत्रा बंद ठेवल्या ते बरोबर केलं. पण जत्रेवर जगणाऱ्यांची सुपारी, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाचे पैसे, त्याबरोबर बुडवली, ते चूक केलं. आणि ही चूक एकट्या सरकारच्या माथी मारता येणार नाही. ती गावाची आहे, तुमची-माझी आहे. 'कला अत्यावश्यक आहे का' या प्रश्नावर हा वाद लढवला जातो, तिथंच तो फसतो. किराणा, दवाखाना, दूध यांच्या रांगेत संबळ उभा केला की निकाल ठरलेला. पण आमच्याकडं 'कला' हा शब्द तरी कोण वापरतं? आपण गोंधळ घालतो, जागरण करतो, हलगी लावतो, तमाशा आणतो, सप्ता बसवतो. या वाक्यांतला कर्ता कोण आहे, जरा बघा. गोंधळ गोंधळी घालत नाही, ज्याच्या घरी लग्न झालं तो घालतो. तमाशा गाव आणतं. करणारे आपण, म्हणवून घेणारे आपण. मग करणं थांबलं तेव्हा त्याचा भुर्दंड एकट्या वाजवणाऱ्यानं का सोसावा?

आता हंगामाचं गणित. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतो. त्याआधी फडमालक सावकाराकडून पैसा काढतो आणि त्यातून नाचणाऱ्या-गाणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांना, तंबूच्या गड्यांना उचल देतो. 'उचल' हा शब्द बीड-धाराशिवच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीची टोळीही मुकादमाकडून उचल घेऊनच कारखान्यावर जाते. दिवाळीनंतरचे महिने कनातीतल्या तिकिटाच्या खेळांवर कसेबसे निघतात. ज्यातून उचल फिटायची ती खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांची. त्या ठरवायला गावोगावचे पंच पाडव्याच्या आगेमागे नारायणगावला फडांनी उभारलेल्या राहुट्यांवर जातात. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभराची टाळेबंदी लागली तीही २५ मार्चला. पीक कापणीला आलं आणि त्याच सकाळी गारा पडल्या, असं झालं. फक्त गारांचा पंचनामा होतो, याचा झाला नाही. पुढच्या चैत्रात दुसरी लाट आली. लागोपाठ दोन सुग्या गेल्या. आणि हे तमाशापुरतं नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमा, १४ एप्रिलपासून गावोगाव महिना-दीड महिना चालणाऱ्या जयंत्या आणि त्यांतल्या भीमगीतांच्या पार्ट्या, लग्नसराईतले हलगी-सनईवाले, लग्नामागून येणारे गोंधळ, उन्हाळ्यातले सप्ते. मराठवाड्यात वाजवून पोट भरणाऱ्याचं निम्म्याहून अधिक वर्ष या तीन-चार महिन्यांत असतं. कोरोनानं नेमके तेच महिने खाल्ले, दोनदा.

आमच्या गावच्या जत्रेची वही काही वर्षं माझ्याकडं होती. लाल पुठ्ठ्याची, कडा हळदीनं पिवळ्या झालेली. २०१९ च्या पानावर घरटी पट्टीची यादी आणि खाली खर्च: तमाशा, कुस्त्यांचा इनाम, शोभेची दारू, मांडव, पालखीपुढं हलगी आणि सनई, देवीपुढं गोंधळ, आराध्यांचा शिधा. २०२० च्या पानावर एकच ओळ आहे, 'कोरोनामुळे जत्रा नाही.' तिच्याखाली वेगळ्या शाईत आणखी एक: 'हलगीवाल्याकडून इसार वापस, रु. १,०००.' ती ओळ माझ्या अक्षरातली आहे. त्याचा मुलगा जूनमध्ये पैसे घेऊन आला होता. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, रबर लावलेल्या. मी ओट्यावरच थांबवून त्याला सॅनिटायझर दिलं आणि नोटा मोजून घेतल्या. हिशेब चोख ठेवला याचं तेव्हा समाधान वाटलं होतं. त्या वर्षी पट्टी गोळा झालीच नाही, म्हणजे गावाचं काही गेलं नाही. उलट घरटी पाचशे वाचले. नुकसान झालं असेल तर ते ज्याच्याकडून आम्ही हजार परत घेतले त्याचं.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते जड आहे. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह घालून स्मशानात नेले. ते ज्यानं पाहिलं त्याच्यापुढं जत्रेची बाजू मांडायची माझी छाती नाही. त्याच महिन्यात हरिद्वारला कुंभ भरला होता, आणि तिथली गर्दी बघून देशाच्या पोटात गोळा आला होता. जत्रेत माणूस माणसाला खेटूनच उभा राहतो. तिथं अंतर ठेवा म्हणणं म्हणजे कुस्ती लांबून खेळा म्हणण्यासारखं. शिवाय गोंधळी, तमासगीर, वासुदेव ही फिरती माणसं. रोग एका गावातून दुसऱ्या गावात न्यायला तीच निमित्त झाली असती आणि पहिल्यांदा मेलीही तीच असती. म्हणून देवळं उघडा म्हणत घंटा बडवणाऱ्यांत मी नव्हतो. २०२० च्या नवरात्रात तुळजापूर भाविकांविना राहिलं, नाथांच्या पादुका पैठणहून एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. नीटच झालं. देवाला त्यानं काही कमी पडलं नाही. पण पादुका एसटीनं गेल्या तेव्हा दिंडीपुढं चालणारा मृदंगवाला कुठं होता? देवाची सोय आपण केली, त्याच्या वाजंत्र्याची केली नाही.

आणि 'सगळंच बंद होतं' हेही फारसं खरं नाही. ४ मे २०२० पासून दारूची दुकानं उघडायला लागली, कारण तिजोरीला महसूल हवा होता. आयपीएल प्रेक्षकांशिवाय अमिरातीत जाऊन खेळली गेली, कारण तिचा पैसा मैदानातल्या गर्दीतून येतच नाही. १ डिसेंबर २०२० ला आमच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतींचं मतदान झालं. त्या पंधरवड्यात आमच्या गल्लीतून रोज तीन पॅनलांच्या फेऱ्या गेल्या, जेवणावळी उठल्या, निकालादिवशी गुलाल उधळला. त्याच आठवड्यात नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरायची होती. घोड्या-गाढवांचा एवढा मोठा बाजार, लावणीचा महोत्सव, वाघ्या-मुरळ्यांचे ताफे. ती रद्द झाली. दोन्ही गर्दीच, एक धरली, एक सोडली. मी असं म्हणत नाही, की निवडणूक घेतली तर जत्राही घ्यायची होती. गुलाल चुकीचा होता म्हणून भंडारा बरोबर ठरत नाही. मुद्दा एवढाच, की ज्याच्यामागं पैसा किंवा सत्ता होती त्याच्यासाठी वाट काढली गेली, नियमावली लिहिली गेली. ज्याच्यामागं काहीच नव्हतं त्याच्यासाठी 'रद्द' हा एक शब्द पुरला.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. हाल कुणाचे झाले नाहीत? ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी घराकडं निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात बायकापोरांसह अडकून पडले, त्यांना परतीची परवानगी मिळेपर्यंत निम्मा एप्रिल उलटला. मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला? दुःखाची तुलना मी करणार नाही. तिथं सगळे सारखेच. फरक यादीचा आहे. शेतकऱ्याला सातबारा आहे, त्यावर किसान सन्मानचा हप्ता येतो. मजुराला जॉबकार्ड आहे. रेशनकार्डावर फुकटचं धान्य आलं. यातलं सगळं सगळ्यांपर्यंत पोचलं असं नाही, पण भांडायला एक कागद तरी होता. गोंधळी, वासुदेव, जोशी, बहुरूपी हे भटक्या जमातींत मोडतात; त्यांतल्या कितीतरी घरांकडं धड रेशनकार्ड नाही. फडातली बाई वर्षातले सात-आठ महिने ज्या गावात राहते तिथली ती रहिवासी नसते, आणि जिथली रहिवासी आहे तिथं तिला कुणी ओळख देत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये द्यायचं ठरलं, एकदाच. टाळेबंदी लागून तेव्हा सतरा महिने झाले होते. भागाकार करून बघा, महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत. वृद्ध कलावंतांच्या मानधनात जिल्हा पातळीच्या कलावंताला तेव्हा महिना २,२५० रुपये होते, तेही पन्नाशी ओलांडल्यावर आणि निवड समितीनं नाव घेतलं तर. पण मला बोलायचंय ते पुराव्याबद्दल. कुठलीही मदत घ्यायची तर आपण कलावंत आहोत हे दाखवावं लागतं. कशानं दाखवायचं? कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, मंडळाचं पत्र. आता सांगा, हलगीवाल्याचं नाव जत्रेच्या पत्रिकेवर कुठल्या गावानं छापलंय? पत्रिकेवर सरपंच असतात, चेअरमन असतात, 'समस्त गावकरी मंडळी' असतात, मोबाइल नंबरसकट भावी उमेदवार असतात. तीस वर्षं ज्यानं पालखीपुढं वाजवलं त्याच्यासाठी 'पारंपरिक वाद्यांच्या गजरात' एवढे शब्द. सरकारी कारकुनानं त्याला कलावंत मानलं नाही याचं मला नवल वाटत नाही. आम्हीच कधी लिहून दिलं नव्हतं.

"पण काम न करता पैसे द्यायचे?" हा प्रश्न मला गावातच विचारला गेला, आणि विचारणाऱ्याच्या वडलांनी बहात्तरला खडी फोडली होती. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडं अजून काल घडल्यासारखा सांगतात: मिलो, सुकडी, टिकाव, मस्टर. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. फोडलेल्या त्या सगळ्या खडीची गरज होती का? आमच्या शिवारातल्या रस्त्याकडेला तिचे ढीग कितीतरी वर्षं तसेच होते. आम्ही पोरं त्यांच्यावर चढून राज्य-राज्य खेळायचो. खडी लागत होती म्हणून काम काढलं नव्हतं, माणसं जगवायची होती म्हणून काढलं होतं. पुढं १९७७ मध्ये त्याचाच कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा या राज्यात हक्क ठरला. उपयोग आणि मजुरी यांची गाठ वाईट काळात थोडी सैल करावी लागते, हे सगळ्या देशाआधी आपण शिकलो. मग टिकाव धरणाऱ्या हाताला लावलेला न्याय हलगीच्या काड्या धरणाऱ्या हाताला लावायचं कुणाच्या मनात का आलं नाही?

आणि काम नव्हतं असं तरी कुठं होतं? २०२१ च्या उन्हाळ्यात लस घेतली की माणूस मरतं, असं पारापारावर बोललं जात होतं. आशाताई दारोदार फिरून थकल्या; काही ठिकाणी त्यांना बघून लोकांनी दारं लावून घेतली. सरकारी यादीवरच्या कलापथकांना थोडेफार कार्यक्रम मिळाले, छापील घोषणा म्हणून झाल्या. पण ज्या भारुडकऱ्याला गावातल्या प्रत्येकाची खोड ठाऊक आहे, त्याला चार माणसं समोर ठेवून दारापुढं उभं केलं असतं तर? पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हेच केलं. वासुदेव, जोशी, गोंधळी यांना भारुडांत बोलायला लावलं, कारण सांगायचं ते लोकांच्या ओळखीच्या तोंडून सांगितलं तर आत जातं हे त्यांना कळत होतं. आम्ही त्याऐवजी फोन लावला की आधी कोरोनाची रेकॉर्ड केलेली सूचना ऐकत होतो.

आणखी मागं जाऊ. पटकी, देवी, गाठीचा ताप, १९१८ ची मानमोडी. साथ आली की गाव मरीआईचा गाडा काढायचं. पोतराज पुढं, अंगावर आसूड ओढत; हलगी वाजत; गाडा शिवेपर्यंत नेऊन सोडायचा. यात अंधश्रद्धा ठासून भरली होती, आणि शिवेवर सोडलेला गाडा म्हणजे आपली पीडा शेजारच्या गावाच्या अंगावर ढकलणंच होतं. तो गाडा मला परत नकोय. पण त्या व्यवहारात एक गोष्ट होती जी आपल्या मास्क-सॅनिटायझरच्या व्यवहारात नव्हती: साथीच्या खर्चात पोतराजाचं आणि वाजवणाऱ्याचं जेवण धरलेलं असायचं. भीतीच्या दिवसांत गाव त्यांना बोलावून घ्यायचं. २०२० च्या मार्चअखेरीला आम्ही काय केलं? वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि 'बाहेरच्यांना बंदी' अशी पाटी लावली. आमच्या वेशीवरून एक वासुदेव परत गेला. मोरपिसांची टोपी पिशवीत घातलेली, चिपळ्या कमरेला. कुणीतरी लांबूनच त्याला बिस्किटाचा पुडा फेकला. फेकला, हातात दिला नाही. ते तर नियमाला धरूनच होतं. पण वर्षानुवर्षं आपल्या मेलेल्या आजोबा-पणजोबांची नावं घेऊन दान मागणारा तो माणूस त्या दिवशी 'बाहेरचा' ठरला, हे नियमात कुठं लिहिलं होतं?

इथं माझे काही मित्र मला थांबवतील, आणि त्यांचा मुद्दा या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त छळतो. ते म्हणतील, तुम्ही जे मांडताय ते बलुतं आहे. गोंधळी-गुरव-जोशी यांचा सुगीतला वाटा, हलगी एका जातीच्या गळ्यात, पोतराजकी दुसऱ्या एका घराच्या माथी, मुरळी म्हणून सोडलेल्या पोरी. हे सगळं जातीनं बांधून दिलेलं होतं, आणि ते मोडायला बाबासाहेबांपासून कितीजणांनी आयुष्यं घातली. देवदासी प्रथेविरुद्ध तर राज्यात कायदा आहे. कोरोनानं हे मोडलं असेल तर रडता कशाला? यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. ज्या नातवानं आज्याची हलगी खुंटीला टांगली आणि पुण्यात नोकरी धरली त्यानं मला विचारायची गरज नव्हती. पण सोडणं वेगळं आणि सुटणं वेगळं. जून २०२० मध्ये रबर लावलेल्या नोटा देऊन गेलेल्या त्या पोरानं हलगी सोडली नाही, त्याच्या हातून ती सुटली. आणि तो पुण्यात नोकरीला गेला नाही, ऊसतोडीच्या टोळीत गेला. उपाशी राहून जात मोडत नाही. आणि हा प्रश्न बलुत्याचाच असता तर भीमगीत गाणाऱ्यांची घरं तरी वाचायला हवी होती. त्यांच्या गाण्याला कुठला वतनदार नाही, कुठली सक्ती नाही. स्वाभिमानातून उभी राहिलेली, जलशांपासून चालत आलेली ही परंपरा. १४ एप्रिल २०२० ला जयंती घराघरांत साजरी झाली आणि ते शिस्तीत झालं याचा सगळ्यांना अभिमान वाटला. ढोलकीवाल्याचा, कोरसच्या बायांचा तो अख्खा हंगाम मात्र तिथंच संपला. म्हणजे जुन्या बलुत्यात माणूस बांधला होता, आणि नव्या सुपारीत तो मोकळा आहे पण वाऱ्यावर आहे. तिसरा काही प्रकार असू शकतो की नाही?

'कला ऑनलाइन गेली' या म्हणण्याकडं आता वळतो, फार वेळ घालवत नाही. काहींचं भलं झालं, हे खरं. चांगला गळा आणि चांगला फोन असलेल्या पोरांची गाणी लाखोंनी ऐकली; काही कीर्तनकार त्याच दोन वर्षांत घरोघर माहीत झाले. पण तो पैसा ज्याचं चॅनल त्याच्या खात्यावर येतो. कीर्तनाच्या बिदागीतला मृदंगवाल्याचा वाटा आधीच लहान. चॅनलच्या कमाईत तो कुठं मोजला जातो? मी स्वतः एका रात्री फोनवर जागराचा गोंधळ ऐकायला बसलो होतो. संबळाचा घुमारा त्या चिमुकल्या स्पीकरमधून पत्र्यावर गारा पडल्यासारखा येत होता. दिवटी दिसत होती, तेलाचा वास नव्हता. मध्येच रेंज गेली आणि देवी यायच्या आत गोंधळ थांबला; पडद्यावर गोल फिरत राहिलं. घरच्यांनी सांगितलं, झोपा आता.

यावर हमखास येणारं शेवटचं उत्तर: लोकांनाच आता डीजे आवडतो, कोरोनाला कशाला दोष देता? आवडतो, नाकारत नाही. लग्नात आमच्या घरचेही त्यावर नाचले. पण आवड कशी घडते तेही बघितलं पाहिजे. हलगीचा ताफा म्हणजे चार-पाच माणसांचा जमलेला हात. एकजण टोळीत गेला, एकजण कंपनीत वॉचमन झाला, एकजण दुसऱ्या लाटेत वारला. उरलेल्या दोघांनी ताफा होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्यात वाजंत्र्याला कोण बसवतो? गोंधळही तेव्हा पाच पावलीवर उरकायची सवय लागली ती लागलीच. २०२२ ला जत्रा भरली तेव्हा आम्ही हलगी शोधायला निघालो. तीन गावं हिंडलो. मिळाली नाही म्हणून डीजे सांगितला, आणि आता त्यालाच लोकांची आवड म्हणतोय. दोन हंगाम निम्मे पैसे जरी गेले असते, तर तो ताफा टिकला असता असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तो मोडायला हातभार लावणाऱ्यांत आमची वही नसती.

योगायोग असा, की कोरोनाच्या दोन्ही टोकांना मराठवाड्यात साहित्य संमेलन झालं: जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला आणि एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला. पहिल्या मांडवातून निघालेल्या वाजंत्र्यांपैकी किती जण दुसऱ्या मांडवापर्यंत पोचले, हे कुणीतरी मोजायला हवं होतं. ग्रंथदिंडीपुढं वाजत होतं, तेव्हा आम्ही सगळे पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांकडं बघत होतो.

म्हणून यंदाच्या जत्रेच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. एक, पत्रिकेवर प्रत्येक वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचं नाव आणि गाव छापायचं. दुसरी, वहीच्या पहिल्या पानावर ठराव लिहायचा: साथ, दुष्काळ, निवडणूक, गावातलं मयत, काहीही झालं आणि जत्रा झाली नाही, तरी पट्टी गोळा होईल आणि ठरलेल्या प्रत्येकाला निम्मी सुपारी जाईल, इसार परत मागायचा नाही. पहिली गोष्ट लगेच मंजूर झाली. जागा कमी पडली तर भावी उमेदवारांचे फोटो लहान करू, असं सरपंच स्वतः म्हणाले आणि सगळे हसले. दुसरीवर बराच कालवा झाला. कुणी म्हणालं, दुष्काळात लोक पट्टी देतील का? रास्त शंका आहे. सगळे देणार नाहीत. कुणी म्हणालं, हे काम सरकारचं. मी म्हणालो, सरकार सतरा महिन्यांनी येतं.

मग खजिनदार, जो एरवी बोलत नाही, त्यानं विचारलं, "गुरुजी, मंग डीजेवाल्यालाबी निम्मी द्यायची का? त्यानं बी कर्ज काढूनच बॉक्स घेतलेत."

मला तो डीजेवाला माहीत आहे. हलगीवाल्याचा पुतण्याच आहे तो. द्यायची, म्हणालो. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग विषय कुस्त्यांच्या इनामाकडं गेला.